दुसऱ्याच्या दहाव्याला

नगरसेविका झाले तेव्हा माझी समजूत होती की आता रस्ते, गटारी आणि पथदिवे. त्याआधी मी नाशिक रोडला आमच्या कॉलनीत ब्लाउज शिवायचे. वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव झाली, पक्षाला बाई हवी होती, आणि मापं घेता घेता निम्म्या वॉर्डाशी माझी ओळख झालेली. आले निवडून. पहिल्याच महिन्यात कळलं की रस्ते-गटारी दुपारनंतर, सकाळ दहाव्यांची. वॉर्डात कुणी वारलं की दहाव्या दिवशी गोदावरीच्या घाटावर जायचं, गुरुजींचे विधी होईपर्यंत मांडी घालून बसायचं आणि मग उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायचे. नाही गेलं तर लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

एका सकाळी तीन दहावे होते. तिसऱ्याला पोचले तोवर माझी पुरती दमछाक झालेली. घाटावर एकाला लागून एक अशी कुटुंबं बसलेली. एका घोळक्यात कुणीतरी मला बघून सरकलं, मी बसले आणि वेळ आल्यावर उभी राहिले. दणकून बोलले. नोटांच्या प्रेसमधली सचोटीची नोकरी, कॉलनीत हौसेने लावलेली झाडं, इंजिनीअर झालेली मुलं. लोक एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, गहिवरलेत बिचारे. माझं संपल्यावर शेजारच्या घोळक्यातून एक गृहस्थ आले आणि कानाशी म्हणाले, "ताई, आमचे वडील इकडे आहेत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तरी तिकडे गेले आणि तेच भाषण शब्दन् शब्द पुन्हा केलं. दुसरं येत कुठे होतं?

चार दिवसांनी त्या पहिल्या घोळक्यातली बाई, जिचा नवरा गेला होता ती, माझ्या दारात. मी मनातल्या मनात पदर खोचला. चूक माझी असली की मला भांडण जास्तच सुचतं. पण ती शांतपणे बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बोलल्या ते आमच्या मालकांचं नव्हतं. ते कुठले प्रेसात, भेळभत्त्याची गाडी व्हती त्यांची. पण आमच्यात उभं राहून बोलाया दुसरं कोणी आलंच नाय. माझ्या पोरीला लय बरं वाटलं."

मला रडूच आलं. शरमेने आलं, खोटं कशाला बोलू?

मग तिने येण्याचं कारण सांगितलं. स्टेशनजवळच्या गाडीच्या जागेचा परवाना नवऱ्याच्या नावावर होता. तो तिच्या नावावर व्हायला हवा होता. नाही झाला तर अतिक्रमणवाले कधीही गाडी उचलणार, आणि गाडी गेली की दहावीतल्या मुलीला घेऊन नांदगावला भावाच्या दारात जाऊन राहायचं. "तिथं भावजयीच्या हाताखाली दोघींचं आयुष्य जाईल," ती म्हणाली. मी म्हटलं, महिन्याभरात करून देते. नवीन नगरसेविका, जिभेला हाड नाही.

तिला घेऊन महापालिकेच्या परवाना विभागात गेले; मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, फोटो, सगळं दिलं. दर खेपेला "बघतो" एवढंच. चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी कारकुनाला असं झापलं की आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. कार्यकर्ते खूश. जिन्यात एक म्हणाला, "ताई, मस्त धुतला." ती मात्र कागद सावरत मागून उतरत होती. खाली आल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही वरडून घरी जाता. उद्या त्यांच्याच म्होरं कागद धरून मला उभं राहायचं हाय."

असं मला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही, तो तर घाबरूनच असतो. रात्रभर राग आला. आधी तिचा, मग माझा.

दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, बाकावर बसले आणि नंबर आल्यावर कारकुनाला म्हणाले, "काल चुकलं माझं." तो भला माणूस ओशाळला. फाइल काढून त्याने दाखवलं: रेशन कार्डावर तिचं सासरचं नाव, आधारवर माहेरचं. दोन्ही एकाच बाईची, याचा पुरावा हवा होता. म्हणाला, "कालच सांगणार होतो, तुम्ही बोलू दिलं नाहीत."

तो पुरावा आम्ही आठवड्याभरात नेऊन दिला, आणि पुढचं सगळं वर्ष मी तशीच काम करत गेले. गल्लीतली पाण्याची लाइन असो की अंगणवाडीचं छप्पर, बाकावर बसायचं, आधी ऐकायचं. निम्मी कामं त्याने झाली. पाऊस संपला, दिवाळी झाली. परवान्याच्या समितीची बैठक दोनदा पुढे गेली. अतिक्रमणवाल्यांची गाडी दोनदा आली, दोन्ही वेळा मी अर्जाची पोच घेऊन भत्त्याच्या गाडीला टेकून उभी राहिले. आवाज न चढवता. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे तिला अजून पटत नाही.

वर्ष सरताना परवाना आला. संध्याकाळी मीच घेऊन गेले. स्टेशनातून गाड्या सुटायची वेळ, भत्त्याच्या गाडीभोवती गर्दी. तिने हात पदराला पुसले, कागद घेतला आणि अक्षराखाली बोट धरून स्वतःचं नाव वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक उभं हाय."

वर्षभर मी जाईन तिथे लोक खुर्ची सोडून उठत होते. त्या संध्याकाळी मी निमूट बाजूला झाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.