पडद्यावरची चितरी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझी फजिती साऱ्या गावानं बघितलीय, तुमीच तेवढे ऱ्हायलात!

माझी भाची सोनाली बीडला कार्टून करायचं शिकती. तिनं गाण्यांचा एक छोटा सिनेमा केला. डोंगराला वणवा लागतो आन जनावरं धारूरच्या किल्ल्यात आसऱ्याला पळत्यात. पयल्यांदा दाखवला कुटं? आमच्या गावच्या शाळेत!

"मामा, त्यातल्या शेळ्या तुमच्याच हायती. तुमी यायलाच पायजे."

"बाई, चितरी शेळीचे दिवस भरलेत. तिला सोडून कसा येऊ?"

"मग आना की समद्यांला! शाळेच्या आवारात सोडा, फाटक लावा."

अकरा शेळ्या मोजून आत सोडल्या आन पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

काय सिनेमा, राव! ससे गायलेत, मोर गायलाय, गाढवसुदा सुरात! आन माझ्या शेळ्या एकूनएक वळखू आल्या. चितरीचं मोडकं शिंगबी पोरीनं सोडलं न्हवतं. जल्मभर शेरडांमागं हिंडलो, पन त्याचं कुनाला एवढं कवतिक असंल, असं कधी वाटलं न्हवतं. डोळे भरून आले बघा.

पन जित्याची खोड! किल्ल्यात जाताना शेळ्या मोजल्या, अकरा. वणवा इझला, गात गात बाहेर निघाल्या. किती? दहा!

उठलो की ताडकन. "थांबवा! चितरी आतच ऱ्हायली!"

"मामा, खाली बसा," सोनाली हळूच म्हनली.

"बसा काय? गाभन हाय ती!"

मागून सरपंच वरडले, "अहो, चित्र हाय ते!"

"चित्र असंल तुमाला! माझी शेळी हाय!"

दारातून कुनी बाई काही सांगाया लागली, तर तिलाबी दटावलं. मास्तरांनी घाबरून सिनेमाच थांबवला. सोनालीचं तोंड एवढंसं झालं. चार महिने राबली व्हती पोरगी.

"मामा, शेवट ऱ्हायलाय अजून. बघा तरी."

सिनेमा परत सुरू झाला. किल्ल्याच्या दारातून चितरी डुलत आली, मागं दोन करडं! सारी गंमत तिथंच व्हती, आन मी आधीच बोंब मारून बसलो! पोरं हसून लोळली. मी पटक्यात तोंड लपवलं.

तसाच बाहेर आलो आन शेळ्या मोजल्या. दहा! परत मोजल्या, दहाच!

"चितरी न्हाई! माझी चितरी!"

"मामा, सिनेमा संपलाय!" लोक आनखीच हसाया लागले.

सोनाली तेवढी धावली. खिचडीच्या खोलीतून तिनं हाक मारली, "मामा, हिकडं या!"

आत कौसाबाईनं गोनपाट अंथरलं व्हतं. शाळेची खिचडी तीच शिजवती. गोनपाटावर चितरी, आन शेजारी दोन ओली करडं!

मी हातच जोडले. "बाई, लई उपकार झाले! पन मला हाक कावून न्हाई मारली?"

"मारली की! दारात येऊन सांगत व्हते, चितरी व्यायली म्हनून. तुमीच वरडलात माझ्यावर, 'गप बसा, हितं माझी शेळी अडकलीय!'"