राखेतल्या दोन पिना

आंघोळीचा बंब पेटवायला मी बायकोची पदार्थांची वही जाळली. ती जाऊन वर्ष झालं. मी रद्दी समजून वही आत कोंबली. चष्मा कपाळावर होता. ओली लाकडं नुसती धुमसत राहिली, पण तिचं अक्षर क्षणात पेटलं, आणि त्यावर लाकडांनीही पेट घेतला. तेलकट बोटांनी उलटलेली पानं ती, पेटणारच. राख चाळली, तर वहीच्या दोन पिना तेवढ्या शाबूत. जपावं असं सगळं जळणारं, आणि मागे उरतं काय, तर पिना. पाणी मात्र झकास कढत झालं होतं.

थोरली बहीण, आक्का, दारातून बघत होती. म्हणाली, "ती असताना प्रत्येक भाजीला नावं ठेवलीस. आता राखेत कसली चव शोधतोयस, मेल्या?"