खोड आधी सांगणारा माणूस

कर्जतजवळची एक दूध डेअरी पुण्याची कंपनी विकत घेणार होती. त्याआधी डेअरीचे हिशेब तपासायला मी गेलो. लपवलेलं हुडकायचं, हेच आमचं काम. पण तिथले म्हातारे अकाउंटंट चष्मा कपाळावर सरकवून आपणहूनच एकेक दुखणं पुढ्यात ठेवायचे. बुडीत येणी, कोर्टातला दावा, गळकी टाकी.

शेवटी मी वैतागलो. "काका, सौदा मोडायचाय का तुम्हाला?"

त्यांनी खिडकीतून कॅन धुणाऱ्या बायकांकडे पाहिलं. "म्हैस इकताना खोड आधी सांगावी, साहेब. मंग घेनारा तिला मारत न्हाई."

मी सगळं तसंच अहवालात लिहिलं. किंमत उतरली, पण सौदा झाला.

परवा तिथून गेलो. गेटवर पाटी नवी होती. आत कॅन धुणाऱ्या बायका त्याच होत्या.