राबाची राख

मालकानं पाटी उलटी केली आणि सगळी राख माझ्या डोक्यावर ओतली. डोळ्यांत गेली, नाकात गेली, तोंडात गेली. मी आमच्याच झोपडीच्या दारात उभी होते, आयचं जुनं फडकं गुंडाळून, कारण माझा एकुलता एक परकर आणि पोलकं धुऊन कुडावर वाळत घातलं होतं. सगळी वाडी बघत होती.

"मालक, पोर हाय. चूक झाली," बा म्हणाला.

"मग भर आता," मालक म्हणाला. "माझी हाय तेवढी सगळी परत पायजे."

आणि माझ्या सख्ख्या बानं खाली बसून ती राख गोळा केली. आधी जमिनीवरची. मग माझ्या केसांतली. बोटांनी झटकून झटकून पाटीत पाडली. माझ्या तोंडाकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

जाता जाता मालकानं आमच्या मडक्याला लाथ घातली. राखेचं पाणी दारात पसरलं. मग कुडावरचं पोलकं ओढलं, त्या चिखलात टाकलं आणि वहाणेनं रगडलं. म्हणाला, "माझ्या राबाच्या राखेनं पांढरी व्हतेस?"

राखेला एवढं काय सोनं लागलंय, असं शहरातलं माणूस विचारील. आमच्या मुरबाडकडं भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. ऐनाच्या फांद्या, पाला, शेण, गवत, थरावर थर रचायचे आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. त्याला राब म्हणतात. त्या राखेत भात पेरायचं. मालकाचा राब माझा बा भाजायचा. ऐनावर चढून फांद्या तो तोडायचा, आय आणि मी डोक्यावरून वाहायचो. भारा टाकला तरी कितीतरी वेळ मान वळायची नाही.

राखेवरच आमचं धुणं चालायचं. साबण मी धसईच्या बाजारात लांबून बघितला होता, हातात कधी घेतला नव्हता. आय चुलीतली राख फडक्यातून चाळायची, मडक्यात घालून पाणी ओतायची, ढवळून ठेवून द्यायची. सकाळी वर पिवळसर निवळ पाणी यायचं. दोन बोटांत चोळलं की बुळबुळीत लागायचं. त्या पाण्यात कपडे उकळायचे आणि ओढ्यावर नेऊन धोपाटण्यानं बडवायचे. मळ जायचा. हाताची सालही जायची. आयच्या बोटांना भेगा होत्या. त्यात ते पाणी शिरलं की ती दात आवळायची आणि बडवत राहायची.

पण ते पाणी बहुतेक वेळा आमच्या वाट्याला येत नसे. मालकाच्या घरात कुणी बाळंत झालं की तिची रक्ताची धुणी आमच्याकडं. गावातलं कुणी त्याला हात लावत नसे, आमच्या आयनं लावायचा, अशी रीतच होती. गाठोडं मागच्या दारी टाकलेलं असायचं. धुऊन, वाळवून तिथंच ठेवायचं. मालकीण त्यावर पाणी शिंपडायची आणि मगच उचलायची. राख आमची, सरपण आमचं, हातही आमचेच, आणि विटाळही आमचाच.

त्या वर्षी मालकाची सून बाळंत झाली होती. आमच्या चुलीतली होती नव्हती ती राख त्या धुण्यांत गेली. त्यात चैत्र. हाताला काम नाही. भाकरी एकवेळ व्हायची, कधी तीही नाही. जिथं चूलच पेटत नाही तिथं राख कुठून येणार?

आणि मला तर राख हवीच होती. मी शाळेत जात होते, वाडीतली एकटी पोर. दाराजवळ बसायचे, पण बसायचे. गुरुजींनी सांगितलं, "परवा डिपोटी साहेब तपासणीला येणार. जो वाचून दाखवील तो वर जाईल. मळक्या कपड्यांनी जो येईल तो बाहेर बसेल." हे म्हणताना ते माझ्याकडंच बघत होते. मला वाचता येत होतं. न अडखळता येत होतं. मला डिपोटी साहेबांसमोर आत बसून वाचायचं होतं. त्या वयात मला दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं.

म्हणून मी राबावर गेले. फांद्या बानं तोडल्या, आम्ही वाहिल्या, बानं भाजल्या. मला वाटलं, राख बाचीच. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या पाटी भरून आणली. पाटी फुटकी होती. शेतापासून आमच्या दारापर्यंत राखेची रेघ पडली आणि दुसऱ्या दिवशी मालक त्या रेघेवरून चालत आला.

तपासणीच्या दिवशी मी तेच पोलकं नुसत्या पाण्यानं खळबळून ओलंच घातलं. पाठीवर वहाणेचा डाग तसाच होता. गुरुजींनी बोटानं ओटा दाखवला. मी ओट्यावर बसले. आत पोरं वाचत होती, अडखळत होती. मला तो धडा येत होता. निघताना डिपोटी साहेबांनी विचारलं, "ही इथे का?"

गुरुजी म्हणाले, "वाडीतली आहे. राख चोरते."

साहेब चपला घालून गेले. माझी शाळा तिथं संपली.

मी तिथून ओढ्यावर गेले. आय मालकाच्या सुनेची धुणी घेऊन बसली होती. माझा चेहरा बघून तिला सगळं समजलं असावं. सरकून दगडावर जागा केली आणि धोपाटणं माझ्यापुढं धरलं.

"घे गो," ती म्हणाली. "आता तुलाच करायचंय."

रागानं नाही म्हणाली. मायेनंच म्हणाली. तीच मला जास्त लागली. माझ्या आयकडं मला द्यायला तेवढंच होतं. तिच्या आयनं तिला हेच दिलं असणार. मी त्या लाकडाकडं बघत उभी राहिले. मालकानं राख ओतली तेव्हा अंगाची लाही झाली नव्हती, ती आता झाली.

मी म्हटलं, "मी नाय घेणार."

गाठोडं उचललं, न धुतलेलं, तसंच. मालकाच्या पुढच्या दारी गेले, मागच्या नाही, आणि ओट्यावर ठेवलं. मालकीण आतून ओरडत आली. मी म्हटलं, "आमच्या घरात राख नाय. आमी धुणार नाय."

आय मागून धावत आली. मालकिणीच्या पाया पडली, गाठोडं परत उचललं, ओढ्यावर नेलं आणि धुतलं. मग घरी येऊन त्याच धोपाटण्यानं मला मारलं. मारता मारता रडत होती. तरी बाचं काम गेलंच. पावसाळ्याच्या आधी आमची झोपडी उठली आणि आम्ही शहापूरकडच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर गेलो. बा तिथंच खोकत गेला. आय शेवटपर्यंत मला म्हणत राहिली की तू त्या दिवशी हात पुढं केला असतास तर बा जगला असता. कदाचित खरं असेल.

आता मी शहापूरला रस्त्याच्या कामावर खडी फोडते. बाजारपेठेतल्या एका बाईनं विचारलं होतं, सावलीतलं काम आहे, धुणी धुशील का? मी नाही म्हटलं. आय गेल्यावर तिचं धोपाटणं माझ्याकडं आलं. त्यानं दुसऱ्याचा कपडा मी अजून बडवलेला नाही. हात खडीनंही फुटतातच. त्यात काही सुख नाही.

माझी मुलगी शाळेत जाते. तिचा झगा मी राखेच्या पाण्यानंच धुते. राख माझ्या चुलीतली. गाव वेगळं, गुरुजी वेगळे. काल ती घरी आली आणि म्हणाली, "आये, मना दाराभायेर बसवतात. कपडं चांगलं व्हतं तरी."

म्हणजे मळाचा प्रश्न कधी नव्हताच. एवढं समजायला मला अर्धं आयुष्य लागलं.

उद्या मी खडीवर जाणार नाही. तिच्याबरोबर शाळेत जाणार आहे. ती आत बसेपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही. धोपाटणं बरोबर घेणार आहे.