वधूपित्याला तेल आणि धुरी

माझी मान डावीकडे वळली आणि तिथेच राहिली. बँकेचं सहामाही क्लोजिंग नुकतंच आटोपलं होतं. जमा आणि नावे जुळले होते. जुळत नव्हतं ते फक्त माझं डोकं आणि धड.

एरवी मी तसाच फिरलो असतो. पण रविवारी संध्याकाळी आमच्या एकुलत्या एका मुलीला, सुधाला, बघायला बोरिवलीची मंडळी मुलुंडला येणार होती. मुलाकडच्यांसमोर मुलीचा बाप तोंड फिरवून बसला, तर त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

म्हणून मालिश करणाऱ्याचा शोध सुरू झाला. शेजाऱ्यांनी व्यायामशाळेतला एक पैलवान सुचवला. त्याने माझी मान डावीकडून उचलली, उजवीकडे नेली आणि तिथे ठेवली. (काहीच फरक पडला नाही, असं मी म्हणणार नाही.) शेवटी रविवारी दुपारी बायको काशीबाईंना घेऊन आली. सत्तरीच्या काशीबाई आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायच्या.

एवढं मोठं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, पण म्हणून पद्धत बदलायला त्या तयार नव्हत्या. तेल चोळून झाल्यावर त्यांनी माझा उजवा हात आणि डावा पाय पोटावर एकमेकांना भेटवले. (ते पूर्वी कधी भेटले नव्हते. मध्ये पोट येतं.) मी ओरडलो की त्या बाळांना म्हणतात तसं मालवणीत म्हणायच्या, "गप रव रे माझ्या झिला, झाला हां, झाला." मग निखाऱ्यांवर ओवा-वेखंडाची धुरी, कानांवरून फडकं, कपाळावर काजळाची तीट, आणि अंगाभोवती चादर इतकी घट्ट की हात हलेनात.

तेवढ्यात बेल वाजली. मंडळी तासभर आधीच आली होती. आमच्याकडे फोन नव्हता, कळवणार तरी कसं?

आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. मुलाच्या आईने दारातच वास ओळखला.

"घरात बाळ आहे वाटतं?"

बायकोला माझी मान लपवायची होती. ती घाईने म्हणाली, "छे, बाळ कुठलं?"

नेमकी तेव्हाच काशीबाईंनी फडक्याची गाठ आवळली. मी कण्हलो, आणि "गप रव रे माझ्या झिला" थेट बाहेर गेलं.

"सुधाला मोठी बहीण आहे का?"

"नाही हो, एकटीच."

आयुष्यभर मी आकड्यांचे ताळे घेत आलोय. ही बेरीज ती मंडळी कशी करत होती ते मला भिंतीआडून कळत होतं. मग चपला सरकल्याचा आवाज आला. आम्ही पुन्हा कधीतरी येतो, असं मुलाचे वडील म्हणत होते.

मी उठलो. म्हणजे कॉटवरून लोळून उतरलो आणि चादरीतून पाय निघेनात म्हणून उड्या मारत बाहेर आलो. उंबऱ्याला अडखळलो, मानेत कट्‌कन वाजलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी समोर सरळ बघितलं. समोर मुलाची आई होती.

"बाळ मी आहे," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी माझी तीट पाहिली, बांधलेले कान पाहिले, आणि तोंडाला पदर लावून खुर्चीतच बसल्या. बऱ्याच वेळाने डोळे पुसत बायकोला म्हणाल्या, "मुलीला बोलवा. पण आधी ह्यांना आत न्या हो, वारा लागेल."

लग्न त्याच बैठकीत ठरलं. बोलणी बाहेर चालली होती आणि वधूपिता आत कॉटवर होता. त्याला वधूने बशीतून चहा पाजला, आणि ढेकर येईपर्यंत काशीबाईंनी त्याची पाठ थोपटली.