लाल काच आणि वहिनीचं कुंकू

सावर्ड्याच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम रंगीत, ते पोटासाठी. शेतात राबणाऱ्या माणसांचे काळे-पांढरे फोटो मात्र मी जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढतो, ते नावासाठी. पूर्वी मी कलेसाठी म्हणायचो, आता तो शब्द सोडला.

भातकापणीत चुलतभावाच्या बायकोचा फोटो काढला. दादा मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला. चार गणपती झाले, घराकडे फिरकला नव्हता. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि वहिनीला ते माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी रोज सकाळी चुलीपाशी जाण्याआधी ती बंद्या रुपयाएवढं कुंकू लावायची. मी कॅमेरा घेऊन शेतात उतरलो, तेव्हा विळा बांधावर ठेवून ती घरी गेली आणि ते आणखी ठसठशीत करून आली. फोटो त्यांना पाठवा, म्हणाली. बघून शिमग्याला तरी यावंसं वाटेल.

आकाश निळंशार होतं, वर पांढरे ढग. अशा वेळी भिंगावर लाल काचेचा फिल्टर लावला की फोटोत आकाश काळंभोर उतरतं आणि ढग उठून दिसतात. मी लावला. वहिनीने भाताची पेंडी उचलताना मान वर केली, तो क्षण बरोब्बर मिळाला. फोटो छापला तेव्हा आकाश अप्रतिम आलं होतं आणि कुंकू गायब होतं. लाल काचेतून लाल रंग फिका पडतो. ते कपाळाच्या रंगात विरून गेलं होतं. सव्वीस वर्षं हा धंदा करतोय, मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. माझं लक्ष ढगांवर होतं.

रत्नागिरीच्या प्रदर्शनात आयोजकांनी फोटोखाली पट्टी लावली, ‘विधवा, भातकापणी’. मला विचारलं नव्हतं. पण उद्घाटनाच्या दिवशी मी ती वाचली. शेजारी परीक्षक त्या रिकाम्या कपाळाबद्दल फार छान बोलत होते. नंतर सांगू, असं मनात म्हटलं. मग शाल आली, नारळ आला, पहिलं बक्षीस आलं आणि सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय? मी गप्प बसलो.

कुणीतरी पट्टीसकट तो फोटो गावाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकला. दादाचा मला फोन आला. वाटलं, आता आईबापांचा उद्धार होणार. पण तो शांत होता, सुटल्यासारखा. म्हणाला, तिच्या लेखी मी मेलोच आहे, तर येऊ कशाला? त्याला निमित्तच हवं होतं, ते मी फ्रेम करून दिलं.

वहिनीकडे गेलो तर तिच्या कानावर सगळं आधीच आलेलं. ओटीवर बसून मी तिला फिल्टर समजावला, आणि काच काढून हातात दिली. तिने ती डोळ्याला लावली, भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली, कुंकू बघितलं, काच बाजूला करून पुन्हा बघितलं. मग काच मला परत दिली.

“काचंला नाय दिसलं, मान्य. पन भावजी, तुमाला तं दिसत व्हतं ना? मंग त्या लोकांफुडं बोल्लात का नाय?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बक्षीस होतं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तिने मोबाइलवर रंगीत फोटो काढायला लावला. अंगणात ताठ उभी राहिली. मोबाइल हातात घेऊन कपाळ नीट आलंय ना, ते स्वतः बघितलं आणि पाठवा म्हणाली. मी दादाला पाठवला. क्षणात दोन निळ्या खुणा उमटल्या. त्याने बघितला होता. आम्ही दोघं थांबलो. त्याच्याकडून काहीच आलं नाही.

“काय म्हनले?” तिने विचारलं.

रेंज नसेल, अजून पोचला नाही, असं मी सांगितलं.

शिमगा येऊन गेला. वहिनी भेटली की अजून विचारते, पोचला का फोटो. मी अजून रेंजवर ढकलतो.