गोळीनंतरचे आम्ही

स्टाफरूममध्ये किस्से कसे साठतात ते विचारू नका! एकानं सुरू केलं की दुसऱ्याला आपला आठवतो, आणि बेल झाली तरी खुर्चीतून कोणी उठत नाही. चांदूर बाजारच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. आमच्याकडचे निम्मे किस्से झोपेच्या गोळीचे. आधी आम्ही ते हसत सांगायचो.

गोळी आली कल्पना मॅडमच्या पर्समधून. कोणी नुसती जांभई दिली तरी त्या गोळ्यांची पट्टी काढायच्या. "अर्धी घेऊन पाहा न! लेकरासारखी झोप लागते." त्यांना ती डॉक्टरांनी दिली होती, पंधरा दिवसांसाठी. त्याला पाच वर्षं झाली होती!

*

पहिला किस्सा देशमुख सरांचा. सर गणिताचे. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले म्हणून एके दिवशी हेडमास्तरांची बोलणी खाऊन घरी गेले. जेवले, गोळी घेतली, आडवे झाले. सकाळी पाहतात तर अख्खा गठ्ठा तपासलेला!

"मी नाही तपासले," सर आम्हाला शपथेवर सांगत होते. "पण अक्षर माझंच हाय."

आम्ही बेरजा पाहिल्या. एकही चूक नाही. मी म्हटलं, "सर, गोळी मलाही द्या, माझेही पेपर राहिलेत!" सगळे खदखदून हसले. सर नाही हसले. त्यांनी एक पेपर उलटून शेवटचं पान दाखवलं. मग दुसरा, मग तिसरा. गठ्ठ्यातल्या चाळीसच्या चाळीस पेपरांवर लाल शाईत एकच शेरा होता :

"सर झोपले आहेत."

*

मग कल्पना मॅडमची पाळी आली. त्यांची मोठी बहीण अकोल्याला असते. एका सकाळी शाळेत तिचा फोन आला. "तू काल इतकी काहून रडली?"

"मी? कधी?"

मॅडमनी मोबाइल तपासला. त्यांनीच लावलेला कॉल, पाऊण तासाचा. त्यांना शब्दही आठवेना.

"ताई, काय बोलली मी?"

बहीण म्हणाली, "ते मी तुले नाही सांगणार. कोणालेच नाही सांगणार."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. बहिणीनं अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला मात्र ती मॅडमच्या नवऱ्याशी बोलली नाही.

*

आता माझं. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अर्धीपासून सुरुवात केली. तीन वर्षांत अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. "मी कधीही सोडू शकते," असं मी सगळ्यांना सांगायचे. मग एकदा सुट्टीत भावाकडे हिवरखेडला गेले आणि झटक्यात निर्णय घेतला. होत्या तेवढ्या पट्ट्या कचऱ्यात!

दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. हात इतके थरथरत की वहिनीनं चहाची बशी हातातून काढून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसून तूर निवडत होते, तर आतल्या खोलीत कोणीतरी हजेरी घेऊ लागलं. आवाज माझाच! एकेक नाव, आणि मागून पोरांचं "हजर, मॅडम."

मी वहिनीला विचारलं, "आत कोण आहे?"

"कोणी नाही जी ताई. घरात आपण दोघीच."

हजेरी चालूच होती. मग त्या आवाजानं माझं नाव घेतलं. अगदी लग्नाआधीचं, आडनावासकट. आणि मी ओसरीवरून उत्तर दिलं, "हजर!"

पुढचं मला वहिनीनं सांगितलं. माझे डोळे फिरले, अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. भावानं गाडीत घातलं ते थेट अकोला.

*

तिथल्या डॉक्टर बाई पहिल्यांदा रागावल्याच. "इतक्या वर्षांची गोळी एकदम बंद करायले कोणी सांगतलं तुमाले? जीव गेला असता!" मी रडायला लागले, तर खुर्ची ओढून जवळ बसल्या. "हे व्यसन तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. शरीराले सवय लागली. आपण थोडी थोडी कमी करू. मी सांगीन तेवढीच, सांगीन तेव्हाच."

अकरा महिने लागले. दर सोमवारी गोळीचे तुकडे मोजून दाखवायचे. मधे दोनदा मी परत मागे गेले, खोटंही बोलले. बाईंनी दोन्ही वेळा ओळखलं. एकदा मी विचारलं, "ते पेपर तपासणारं, फोनवर बोलणारं नेमकं कोण असतं?"

बाई म्हणाल्या, "तुमीच असता. गोळीनं माणूस झोपते असं नाही. कधीकधी फक्त आठवण झोपते."

माझ्यामागून देशमुख सर बाईंकडे आले. त्यांची सुटली. कल्पना मॅडम पाव गोळीवर आहेत, आणि पर्स आता कोणासमोर उघडत नाहीत.

*

वानखडे सर मात्र तयारच नव्हते. इतिहासाचे शिक्षक, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरी एकटेच. "मले काय झालं? सातले जेवतो, गोळी घेतो, पाचले उठतो. मधात काय होते तर काहीच नाही!" आणि तेच वानखडे सर एका सोमवारी आपणहून माझ्यासोबत अकोल्याच्या बसमध्ये बसले. त्याच्या आदल्या शनिवारचं सांगते.

एका मॅडमकडे साखरपुड्याचं जेवण होतं, रिद्धपूरला. दुपारी परतताना गावाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. वानखडे सर इकडेतिकडे पाहत होते. "एवढ्या जवळ राहतो, पण इकडं कधी येणंच नाही झालं," म्हणाले.

टपरीवालीनं सरांसमोर चहा ठेवला. न विचारता, बिनसाखरेचा.

"आज उजेडातच आले, मास्तर? अन् बाई कुठं राहिल्या?"

सर हसले. "कोणत्या बाई?"

"घ्या! तुमच्या गाडीवर मागं बसून येतात त्या. खाली काही उतरत नाहीत. चहा देला तं घेत नाहीत, नुसत्या पाहत राहतात."

सरांनी ग्लास खाली ठेवला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "साडी कोणती असते?"

"हिरवी. दर वेळी तीच," टपरीवाली म्हणाली. "अन् पायात चप्पल नसते. मी बोलली बी होती तुमाले मास्तर, बाईले एक चप्पल घेऊन द्या म्हणून!"